नांगर न लागलेलं भात

आमच्या गिरणीत भात दोन ठिकाणचं येतं, खारेपाटातलं आणि गोड्या जमिनीतलं. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शेतीची ही वाटणी पूर्वापार आहे. शून्य मशागतीवरची भाषणं ऐकताना मला हटकून १८८३ चं कुलाबा गॅझेटियर आठवतं. त्यात खाऱ्या जमिनीची रीत दिली आहे: जमीन नांगरायची नाही. पावसाने ती भिजली की चिखलातच बी टाकायचं. पाणी फारच झालं, तर बी भिजवून ढीग घालायचा, मोड आणायचे आणि वरून फेकायचं. आम्ही ह्याला रहू म्हणतो.

यात आळस नव्हता. उन्हाळ्यात खारेपाटाची चिकण माती भेगाळते आणि मीठ वर येतं. बांध घालून भरती अडवलेली असते. पहिल्या पावसाचं पाणी वरचं मीठ धुऊन उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीत जातं. तेवढी वरची माती निवळली की भाताला पुरते.

गोड्या जमिनीत मात्र कष्टांना अंत नव्हता. आधी राब: शेण, टहाळ, पातेरा, गवत, वर माती, आणि उन्हाळ्यात तो भाजायचा. जंगलं राखीव झाल्यावर टहाळ तोडण्यावरून इतकी ओरड झाली, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर १९१२ साली राबावर अख्खा शास्त्रीय निबंध छापला. रोपांपुरता तुकडा भाजायचा, पण त्यापायी डोंगरची झाडं बोडकी व्हायची.

राबानंतर उखळणी, म्हणजे पहिली नांगरट, मग चिखलणी. चिखलणीने पाणी खाचरात टिकतं, तण दबतं आणि रोप बोटाने रोवता येतं. हा फायदा खरा आहे. पण नांगराच्या तळाखाली माती दरवर्षी दाबली जाऊन कडक थर बसतो, वरच्या मातीचे कण फुटून लगदा होतो. भाताला त्याचं काही वाटत नाही. त्रास होतो तो मागून पेरलेल्या वालाला. लगदा वाळला की मातीची ढेप होते, आणि वालाचं मूळ खाली उतरायला धजत नाही. पॉवर टिलर आल्यापासून बैल गेले, चिखलणी मात्र आणखी बारीक झाली.

दाण्याचं काय, हे मला गिऱ्हाईक रोज विचारतं. नांगर लावला म्हणून कणी पडत नाही. कणी पडते ती वाणाने, आणि कापणी-वाळवणीतल्या हयगयीने. वाळलेला दाणा पुन्हा ओला झाला की त्याला बारीक तडे जातात आणि गिरणीत तो मोडतो. चिखलाचं शेत उशिरा सुकतं. कापलेलं भात ओल्या खाचरात दवाखाली पडून राहिलं, तर तांदळाऐवजी कणीच फार मिळते. मशागतीचा दाण्याशी संबंध आहे तो असा, आडवळणाने.

नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा पद्धत बसवली. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने खुणा करून बी टोकायचं, भात कापल्यावर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. गांडुळं परततात, माती भुसभुशीत होते. माझा आक्षेप एकच: चिखल गेला की तण येतं, आणि त्यावर तणनाशक मारावं लागतं. खारेपाटात हे काम खारं पाणीच पुष्कळसं करून टाकत असे.

ज्यांच्याकडे गोडी जमीन आहे, त्यांनी यंदा एक खाचर चिखलणीविना करून पाहावं. चिखलणीच्या भाताशी मिसळू नये, वेगळ्या गोणीत भरून आणावं. कणी किती पडते ते मी समोर वजन करून दाखवीन.