लोकांचा कौल आणि गणिताची साक्ष

ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, हा नियम इतका सरळ आहे की त्यात गणिताने लक्ष घालावे असे काही असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु इ. स. १७७० मध्ये झां-शार्ल द बोर्दा या फ्रेंच नौदलातील गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे नेमके याच नियमावर बोट ठेवले.

त्याचे उदाहरण असे : मतदार २१, उमेदवार क, ख आणि ग. त्यांना अनुक्रमे ८, ७ आणि ६ मते पडली. क निवडून आला. पण उरलेल्या तेराही जणांना तो सर्वांत नावडता होता! ख किंवा ग यांच्याशी एकट्याने सामना झाला असता, तर क १३ विरुद्ध ८ असा हरला असता. म्हणून बोर्दाने सुचवले की, मतदाराने पसंतीचा क्रम लावावा आणि पहिल्या क्रमांकास ३, दुसऱ्यास २, तिसऱ्यास १ असे गुण द्यावेत. क च्या आठ मतदारांपैकी सातांची आणि ख च्या सातही मतदारांची दुसरी पसंती ग ही होती. बाकी साऱ्यांनी तिसऱ्या क्रमांकावर ग ला किंवा क ला ठेवले होते. बेरीज झाली ती ग ४७, ख ४२, क ३७ अशी. मतदार तेच, मते तीच. मोजणी बदलताच क्रम उलटला.

अकादमीचा चिटणीस कोंदोर्से याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात निराळा मार्ग धरला. प्रत्येक जोडीचा स्वतंत्र निवाडा व्हावा, असे त्याचे म्हणणे. पण तिथेही एक विलक्षण पेच त्याला आढळला. तिघांपैकी एकाचा क्रम क-ख-ग, दुसऱ्याचा ख-ग-क, तिसऱ्याचा ग-क-ख असेल, तर दोघांच्या मते क हा ख पेक्षा, ख हा ग पेक्षा आणि ग हा क पेक्षा सरस ठरतो. प्रत्येक मतदार सुसंगत, पण त्यांचे बहुमत विसंगत!

पुढे राज्यक्रांतीत कोंदोर्से राष्ट्रीय सभेवर निवडून गेला. तेथे त्याने मतदानपद्धतीसह राज्यघटनेचा मसुदा मांडला. सभेने तो बाजूला सारला. दुसऱ्या घटनेवर त्याने टीका करताच १७९३ मध्ये त्याच सभेने त्याच्या अटकेचा हुकूम काढला. काही महिने अज्ञातवासात काढल्यावर मार्च १७९४ मध्ये तो पकडला गेला आणि तुरुंगातच मरण पावला.

त्याने दाखवलेला पेच मात्र सुटला नाही. १९५१ मध्ये केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने सिद्ध केले की, तीन वा अधिक पर्याय असताना न्यायाच्या काही साध्या अपेक्षा एकाच वेळी पुरवील, अशी पसंतिक्रमावर आधारलेली कोणतीही पद्धत असू शकत नाही. यातून लोकशाहीची व्यर्थता सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, मते कशी मोजावयाची हा प्रश्नही न्यायाचाच आहे आणि त्याचा निर्णय मतपेटी उघडण्यापूर्वी व्हावयास हवा.