घरविक्रीतील देकार

घर विकताना खरेदीदार जी किंमत, अटी आणि मुदत सांगतो, तो देकार. महाराष्ट्रातील शहरांत जुन्या फ्लॅटचा देकार बहुधा दलालामार्फत, तोंडीच येतो आणि विक्रेत्याचे लक्ष आकड्यावर खिळते. पैसे कुठून व कधी येणार, हे त्याआधी विचारायला हवे. समजा, एक जण 90 लाख सांगतो, पण स्वतःचे घर विकल्यावर देणार. दुसऱ्याचे 87 लाख आहेत, हाती बँकेचे कर्जमंजुरीपत्र आणि उरलेली रक्कम खात्यात. दुसरा देकार निःसंशय सरस. मंजुरीपत्र असले तरी बँक इमारतीची कागदपत्रे तपासून स्वतःचे मूल्यांकन करते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

किमतीचा काही भाग रोखीने देऊ करणारा देकार सरळ नाकारावा. स्थावर मालमत्तेच्या विक्रीत 20 हजार रुपये वा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

देकार ठरला की इसार, साठेखत, मग खरेदीखत असा क्रम असतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 नुसार केवळ साठेखताने मालकी जात नाही. तरीही पूर्ण रक्कम मिळण्याआधी किल्ली देऊ नये. ताबा परत मिळवण्यात वर्षे जातात. किंमत 50 लाख वा अधिक असल्यास खरेदीदार निवासी विक्रेत्याचा 1 टक्का कर कापून भरतो. विक्रेता परदेशस्थ असल्यास कपात बरीच जास्त असते. सोसायटीचे हस्तांतर अधिमूल्य कोणी भरायचे, हेही देकारातच ठरवावे.