चेपलेल्या पेशींची कुळकथा

पेशीत बाहेरची वस्तू घालण्याची विद्या जालन्याला नवी नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली. त्याच कंपनीने पुढे किडीला दाद न देणारे बीटी वांगे तयार केले. त्यासाठीचे जनुक वांग्याच्या पेशीत पोचवले ते अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूने. झाडात आपले जनुक सोडणे हा त्याचा पिढीजात धंदाच. माणसाच्या पेशीसाठी असा बिनबोभाट वाटाड्या मिळेना. विषाणू वापरावेत तर ते स्वतःची लचांडे बरोबर आणतात. 1982 पासून विजेचे झटकेही वापरले जातात, पण त्यात पेशींची बरीच पडझड होते.

कर्करोगाच्या लशीचे घोडे इथेच अडले होते. रुग्णाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांना गाठीचे प्रथिन द्यायचे आणि परत सोडायच्या, म्हणजे त्या शरीराच्या लढवय्या टी पेशींना शत्रू दाखवतात, असा हा बेत. राल्फ स्टाइनमन यांनी 1973 मध्ये जगापुढे आणलेल्या डेंड्रायटिक पेशी हे काम चोख करतात, पण रक्तात त्या अगदी थोड्या. बी पेशी मुबलक, पण निवडक. आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जुळेल तेवढेच प्रथिन आत ओढतात. शिवाय मारेकरी टी पेशी उठवायच्या तर प्रथिन थेट पेशीद्रवात पडलेले बरे.

अमेरिकेतल्या एमआयटीत क्लाव्स येन्सेन आणि रॉबर्ट लँगर यांच्या हाताखाली आर्मन शारेई हा विद्यार्थी पेशींवर द्रवाची सूक्ष्म धार मारून माल आत घुसवू पाहत होता. ते जमेना. पण पेशी अरुंद जागेतून दाबाने गेल्या की माल आपसूक आत जातो, असे दिसले. मग धार सोडून वाटच धरली. सिलिकॉनच्या चिपवर काही मायक्रॉन रुंदीच्या नळ्या कोरल्या आणि मधे पेशीच्या व्यासापेक्षा 30 ते 80 टक्के अरुंद खिंड ठेवली. तिथून घुसमटून निघताना पेशीच्या पडद्याला क्षणभर भोके पडतात, भोवतालचे प्रथिन आत झिरपते आणि थोड्या वेळात पडदा मिटतो. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये चेपलेल्या लोखंडाची सळई होते ती कायमची. पेशी मात्र पुन्हा गोल होते. सगळी गंमत या परत येण्यात आहे. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झाले. 2015 मध्ये अशाच चेपलेल्या बी पेशी लस म्हणून उंदरांत वापरून पाहिल्या गेल्या.

शारेईच्या एसक्यूझेड कंपनीने माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी एचपीव्ही-16 या विषाणूमुळे होणारे कर्करोग निवडले. हा विषाणू मराठवाड्याला परका नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताचा धाराशिव) खेड्यांत, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने, 1 लाख 31 हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या मते जालन्यातल्या बाईच्या उपयोगाची पहिली गोष्ट अजूनही हीच तपासणी आहे, आणि मुलींसाठी पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस. चेपलेल्या पेशी रोग जडल्यावरच्या.

त्यांची चाचणीही एचएलए-ए2 हा ऊतकगट असलेल्या रुग्णांपुरतीच होती. पुढे रोश या भागीदार कंपनीने हात काढून घेतला, एसक्यूझेडने गाशा गुंडाळला आणि तिचे तंत्र कॅनडातल्या स्टेमसेल टेक्नॉलॉजीजकडे गेले. शारेईने पोर्टल नावाची नवी कंपनी काढली असून पेशींत माल पोचवण्याचा उद्योग तिथे चालू आहे.