काडेपेटी ते गोळी : जबड्याच्या एका दुखण्याची कुळकथा

हाडं ठिसूळ झाली की बऱ्याचदा आठवड्याला एक गोळी सुरू होते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ॲलेंड्रोनेट हे त्यातलं परिचित नाव. बिस्फॉस्फोनेट घराण्यातल्या या औषधांनी मणक्याची आणि खुब्याची कितीतरी फ्रॅक्चर टाळली आहेत. पण क्वचित कुणाच्या जबड्याचं हाड त्यांच्यामुळे मरतं, हे डॉक्टरांच्या ध्यानात यायला २००३ साल उजाडलं. या दुखण्याच्या पूर्वजाची गाठ मात्र वैद्यकाला फार आधी पडली होती.

ती पडली काडेपेटीच्या कारखान्यात. आगकाडीच्या गुलात तेव्हा पांढरा फॉस्फरस असे आणि कामगार दिवसभर त्याच्या वाफेत वावरत. आधी दाढ ठणकायची, मग हिरडी सुजून पू वाहायचा, शेवटी हाड उघडं पडायचं. व्हिएन्नाच्या लोरिन्सर या डॉक्टरांनी १८४५ साली या रोगाची नोंद प्रसिद्ध केली. लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीला असे रुग्ण दडवल्याबद्दल १८९८ साली दंड झाला. १९०६ च्या बर्न करारानंतर एकेका देशाने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बंद केल्या. हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ साली आला. तोवर कारखान्यांच्या डॉक्टरांना एक गोष्ट पुरती उमगली होती : रोग किडक्या दातातून किंवा दात काढलेल्या खळगीतून शिरतो, म्हणून आधी दात तपासायचे. काड्या बदलल्या, रोग हटला आणि त्याबरोबर हा धडाही विस्मरणात गेला.

बिस्फॉस्फोनेट ही रसायनंही फॉस्फरसचीच. नळांत क्षार साचू नयेत म्हणून ती कारखान्यांत वापरली जात. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश यांनी ती हाडांवर आजमावली. ही रसायनं हाडाला चिकटून बसतात आणि जुनं हाड खाणाऱ्या पेशींना निकामी करतात, त्यामुळे हाडाची झीज थांबते. अमेरिकेत ॲलेंड्रोनेटला हाडांच्या ठिसूळपणासाठी १९९५ मध्ये मान्यता मिळाली. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना याच घराण्यातली इंजेक्शनं शिरेतून, बहुधा दर महिन्याला, मिळू लागली.

२००३ मध्ये मायामीचे जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी एका नियतकालिकाला पत्र लिहून असे ३६ रुग्ण मांडले. दात काढल्याची जखम भरत नाही, हिरडीतून पिवळट हाड दिसतं आणि रुग्ण या औषधांवर आहे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रुजिएरो आणि सहकाऱ्यांनी ६३ रुग्ण नोंदवले. मग औषधांच्या माहितीपत्रकांत इशारे आले. उघडं हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ तसंच राहिलं आणि जबड्याला रेडिएशन दिलेलं नसेल, तर हे निदान करायचं असं ठरलं. डेनोसुमॅब हे हाडांसाठीचं, पण वेगळ्या जातीचं औषधही पुढे हे दुखणं घडवणाऱ्या औषधांत मोजलं जाऊ लागलं.

इतका उशीर का झाला? औषध लिहिणारा हाडांचा किंवा कर्करोगाचा डॉक्टर रुग्णाच्या तोंडात पाहत नसे आणि दाताचा डॉक्टर हाडांच्या गोळीबद्दल विचारत नसे. आणि इजा जबड्यालाच का? जबड्याचं हाड सतत झिजतं आणि नव्याने घडतं. शिवाय तोंडातले जंतू आणि ते हाड यांच्यामध्ये हिरडीचा पातळ पडदा तेवढा असतो. त्यामुळे इजा इथेच होते.

धोका मुख्यतः कर्करोगासाठी मोठे डोस घेणाऱ्यांना. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी आहे. खुबा मोडण्याची भीती त्याहून कितीतरी मोठी. म्हणून घाबरून औषध परस्पर बंद करू नका. डेनोसुमॅब एकदम थांबवलं तर मणक्याची हाडं मोडू शकतात. औषध सुरू होण्याआधी दात तपासून घ्या, काढायचे असतील ते आधीच काढा. आणि पुढे कधी दाढ काढायला गेलात, तर हाडांची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.