ग्रंथात नसलेली बंदी : मॉर्मन चर्चची अधिकृत शिकवण ठरते कशी?

एखाद्या धर्माची अधिकृत शिकवण जाणून घ्यायची तर त्याचा ग्रंथ उघडावा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मॉर्मन चर्चच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही.

१८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात स्थापलेल्या या चर्चचे प्रमाणग्रंथ चार : बायबल, बुक ऑफ मॉर्मन, डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स आणि पर्ल ऑफ ग्रेट प्राइस. शिवाय चर्चचा अध्यक्ष हा हयात संदेष्टा मानला जातो. त्याला आजही ईश्वरी साक्षात्कार होऊ शकतो. तो ग्रंथात घ्यायचा तर अधिवेशनात मांडतात आणि सभासद उजवा हात उंचावून संमती देतात.

ग्रंथ आणि आचार यांची फारकतही झालेली दिसते. १८३५ च्या डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्समध्ये एकपत्नीत्व सांगणारे प्रकरण होते. १८५२ मध्ये बहुपत्नीत्व जाहीर झाले, तरी ते प्रकरण १८७६ पर्यंत तसेच राहिले!

पण खरा पेच याजकपदाचा. १८३६ मध्ये एलायजा एबल या कृष्णवर्णीय सभासदाला ते मिळाले होते. १८५२ मध्ये ब्रिगहॅम यंग यांनी आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना ते मिळणार नाही, असे जाहीर केले. यामागच्या साक्षात्काराची कुठेही नोंद नाही. तरीही १९४९ मध्ये चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाने ही बंदी केवळ धोरण नसून थेट ईश्वराज्ञा असल्याचे निवेदन केले.

याची किंमत माणसांनी मोजली. जेन मॅनिंग जेम्स यांनी मंदिरातील सर्वोच्च विधींसाठी वारंवार विनंती केली. १८९४ मध्ये त्यांना एक विधी मिळाला, तो स्मिथ कुटुंबाशी सेविका म्हणून जोडणारा. उरलेल्या विधींविनाच १९०८ मध्ये त्या वारल्या.

जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी साक्षात्काराचा दाखला देत बंदी उठवली. ३० सप्टेंबरला सभासदांनी संमती दिली. ही घोषणा आज डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्समध्ये छापलेली आहे. म्हणजे बंदी घालणारा साक्षात्कार ग्रंथात नाही, उठवणारा मात्र आहे.

२०१३ मध्ये चर्चने एक निबंध प्रसिद्ध करून कृष्णवर्ण हे शापाचे चिन्ह असल्याच्या जुन्या उपपत्ती नाकारल्या. बंदी मुळात ईश्वराज्ञा होती की माणसांची चूक, याचा स्पष्ट निवाडा त्यात नाही. आणि तो निबंधही प्रमाणग्रंथांत समाविष्ट झालेला नाही.