काडी मोडली, घंगाळ उरलं

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचे कागद होते. शेतसाऱ्याच्या पावत्या, विहिरीच्या पाळीचा तक्ता, आणि त्यांतच घडी घातलेली एक फारकत. आजोबा वाईकडच्या आमच्या गावात पंच म्हणून बसायचे. मला मोडी येत नाही, म्हणून ओळखीच्या एका मास्तरांकडून कागद वाचून घेतला. नवरा लिहून देतोय की माझा हक्क संपला, हिने खुशाल पाट (दुसरं लग्न) लावावा, लग्नात घातलेले चांदीचे गोट मला परत पोचले. खाली त्याचा अंगठा, सासऱ्याचा अंगठा आणि पाच पंचांच्या निशाण्या. बाईचा अंगठा नाही.

मी गेली चौदा वर्षं कौटुंबिक न्यायालयातून येणाऱ्या प्रकरणांत मध्यस्थ म्हणून बसते. माझ्यापुढच्या कागदावर दोघांचीही सही लागते, तीही प्रत्येक पानावर. तरी त्या फारकतीची भाषा मला परकी वाटली नाही. काय परत गेलं, कोण मोकळं झालं, पुढे हरकत कुणाची नाही, हेच तर आम्हीही लिहितो.

फारकत हा शब्द मुळात लग्नाचा नव्हेच. फारिगखत म्हणजे मोकळं केल्याचा कागद. देणं फिटलं की सावकार तो देई, वाटण्या झाल्या की भाऊ भावाला देई. त्याला शोभेसा मराठी शब्द काडीमोड. चार माणसांदेखत गवताची काडी मोडायची, की झालं. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे रिवाज गोळा करून 1827 मध्ये छापले, त्यांत पाट आणि सोडचिठ्ठीही आली. पांढरपेशा घरांत मात्र ही सोय नव्हती. तिथली बाई माहेरच्या ओसरीवर ‘टाकलेली’ म्हणून म्हातारी व्हायची. ना नांदवणं, ना सोडणं.

पुढे इंग्रजी न्यायालयांनी पंचांचे हात बांधले. शंभू रघू खटल्यात 1876 मध्ये मुंबई हायकोर्टाने म्हटलं की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही. आजोबांच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा एवढा ठळक आहे तो त्यामुळेच की काय, असं मला वाटतं.

रखमाबाईंची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिचा शेवट फारसा कुणी सांगत नाही. त्यांचे नवरे दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. वर्तमानपत्रं पेटली, विलायतेपर्यंत बोभाटा झाला. आणि 1888 मध्ये मिटलं कसं? दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. म्हणजे फारकतच! रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा 1947 मध्ये मिळाला, देशाला 1955 मध्ये. त्यातही रूढीने होणारी काडीमोड शाबूत ठेवली. परस्पर संमतीचं कलम 1976 चं. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा 1984 चा, आणि पुण्या-मुंबईत ही न्यायालयं 1989 मध्ये उघडली. न्यायाधीशाने आधी समेटाचा प्रयत्न करावा, असं त्या कायद्याचं नववं कलम सांगतं. समेट म्हणजे पुन्हा नांदणं, असंच तेव्हा सगळे धरून चालायचे. मीही. पहिली दोन-तीन वर्षं ‘पोरांकडे बघा’ हेच माझं पालुपद होतं. चाळीस तासांच्या प्रशिक्षणात ते सोडायला शिकवलं होतं, पण जिभेवरून जायला वेळ लागला. जिथे मारहाण आहे तिथे हे पालुपद पाप आहे, हे मला एका बाईच्या मनगटाकडे बघून कळलं.

एक बैठक सांगते. (वस्तू बदलली आहे, बैठकीतलं बाहेर न्यायचं नसतं.) फ्लॅटचं कर्ज, पोटगी, सुट्ट्यांतला मुलीचा ताबा, सगळं दीड तासात ठरलं. अडलं एका पितळी घंगाळावर. ती म्हणाली, माझ्या आज्जीचं आहे. तो म्हणाला, त्यात माझ्या लेकीची पहिली अंघोळ झाली. दोन तारखा गेल्या. वकील वैतागले, मोडीत चारशे रुपये येणार नाहीत म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून विचारलं, लेकीच्या नावावर करता येतं का? मग कलम लिहिलं: घंगाळ मुलीचं, ती अठरा वर्षांची होईपर्यंत आईकडे, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला बापाकडे. तेवढं लिहून झालं आणि दोघंही पहिल्यांदा एकाच वेळी पाणी प्याली.

परवा फारकतीचा कागद पुन्हा मास्तरांकडे नेला. म्हटलं, बाईचं नाव काय आहे तेवढं बघा. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. नाव नाहीच. ‘माझी बायको’ एवढंच लिहिलंय.