भवानीनगरच्या ठाण्यासमोरचं भांडण

आज एका आजीची गोष्ट सांगायची आहे. तिचं नाव हौसाबाई पाटील. सांगली भागात लोक त्यांना हौसाताई म्हणायचे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या एकुलत्या एक लेक. पण नुसती 'नानांची लेक' एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते, ते आम्हाला पटत नाही. म्हणून आजचं बोलणं त्यांच्याविषयी, नाना जरा बाजूला.

साल १९४३. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक नवरा आपल्या बायकोला मारत होता. बाई ओरडतेय, माणसं जमलीत, तो मोठा दगड उचलून तिला जिवे मारायची धमकी देतोय. शेवटी ठाण्यातले शिपाई भांडण सोडवायला बाहेर आले. आणि ते बाहेर गुंतलेत तोवर बाईचे साथीदार आत शिरून बंदुका आणि काडतुसं घेऊन पसार झाले!

ती बाई म्हणजे हौसाताई. वय वर्षं सतरा. तो नवरा त्यांचा नवरा नव्हताच, तूफान सेनेतला सोबती होता. पुढे म्हातारपणी ही गोष्ट सांगताना त्या हसायच्या आणि तक्रारही करायच्या, की त्या गड्यानं जरा जास्तच जोरात मारलं. त्याचं म्हणणं, खरं वाटायला नको का?

ही गोष्ट ऐकली की सगळ्यांना सिनेमा आठवतो. आम्हाला मात्र दुसरंच दिसतं. हा डाव जमला, कारण शिपायांना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. रस्त्यात बायकोला मारणारा नवरा रोजचाच. बाई म्हणजे मार खाणारी, रडणारी, तिच्याकडून सरकारला कसला धोका? नेमक्या त्या समजाचाच या पोरीनं फायदा उठवला.

आता हे धाडस आलं कुठून? हौसाताई तीन वर्षांच्या असताना आई गेली. वडील तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत पडलेले, पुढे भूमिगत. इंग्रज सरकारनं घर आणि जमीन जप्त केली. गावात लोक भीतीनं बोलेनासे झाले, दुकानदार मीठसुद्धा देईना. आजी उंबराची फळं गोळा करून त्यांचं कोरड्यास करायची. मग मामानं बैलजोडी आणि गाडी दिली, तेव्हा कुठं हाताला काम मिळालं. गूळ, शेंगा, जोंधळा, जे मिळेल ते भाड्यानं वाहायचं. ताकारीपर्यंत, म्हणजे बारा किलोमीटर, गाडी नेली की तीन रुपये. कराडला वीसच्या वर किलोमीटर, त्याचे पाच. दिवसभर बैलांमागं राबून एवढीच कमाई. ज्या घरानं उंबर खाऊन दिवस काढले, त्या घरातल्या पोरीला ठाण्यातल्या शिपायाची काय भीती वाटणार!

तेव्हा साताऱ्यात प्रतिसरकार चालू होतं. सुमारे १९४३ ते १९४६ अशी तीन वर्षं शेकडो गावांत इंग्रजांचा हुकूम चालत नव्हता. गावातले तंटे गावातच मिटायचे, दारूबंदी होती, खर्चाविना गांधी विवाह लागायचे. तूफान सेना ही त्याची लढणारी फळी. रेल्वे अडवणं, सरकारी खजिना लुटणं, डाकबंगले जाळणं ही कामं तिची. डाकबंगल्यात किती माणसं आहेत, पहारा कधी बदलतो, ही टेहळणी हौसाताई आणि त्यांच्यासारख्या बाया करायच्या. कासेगावच्या इंदूताई पाटणकरही याच लढ्यातल्या. आणि ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्या तर घरोघरी होत्या. रात्री-अपरात्री दार वाजलं की भूमिगतांना भाकरी बांधून देणाऱ्या. सापडल्या असत्या तर त्यांचंही घर जप्तच झालं असतं.

मग गोव्याची गोष्ट. १९४४ साल, तिथं पोर्तुगीजांचं राज्य. बाळ जोशी नावाचा सोबती तिथल्या तुरुंगात अडकलेला. हौसाताई त्याची बहीण बनून भेटायला गेल्या. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात लपवलेली. परतताना मध्यरात्री मांडवी नदी पार करायची होती. त्या एका लाकडी पेटीवर बसल्या आणि सोबती पाण्यात पोहत ती पेटी ढकलत राहिले. आपल्यातल्या किती जणींनी अंबाड्यात दहा-वीस रुपये लपवलेत, आठवून बघा. जागा तीच, काम केवढं निराळं!

स्वातंत्र्यानंतर हौसाताई विट्याला राहिल्या, लेकरं-नातवंडं झाली. सरकार दरबारी त्यांच्यासारख्यांची किंमत पुरती कधी झाली नाही, असं आम्हाला वाटतं. त्या मात्र गप्प बसल्या नव्हत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा दिल्लीला निघाला, तेव्हा बाण्णव वर्षांच्या या आजीनं घरूनच पाठिंब्याचा निरोप धाडला. शेतमालाला भाव द्या, हे त्यांचं मागणं. २३ सप्टेंबर २०२१ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.

त्याआधी काही वर्षं, नव्वदी उलटल्यावर, पत्रकार त्यांच्या आठवणी टिपायला विट्याला आले होते. गप्पा संपल्या, मंडळी निघायला उठली, तशा हौसाताई हसत म्हणाल्या, मग मला नेताय ना आता? पाहुणे गोंधळले. कुठं न्यायचं? तर म्हणे, तुमच्याबरोबर काम करायला.